आखाजी आली, थैलीवाले आले: कपाशी बियाणं आणि पक्कं बिल



आजचा संदेश लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण कपाशीचं बियाणं घेण्याआधी वाचा.

आखाजी तोंडावर आली. माहेरवाशिणींचे झोके बांधायची वेळ झाली आणि विहिरीला पाणी असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात बागायती कपाशीचं गणित सुरू झालं. नेमक्या याच दिवसांत गावात एक माणूस येतो. मोटारसायकलवर, डिकीत पाच-दहा थैल्या. बहुतेक वेळा तो परका नसतो. कुणाचा साडू, कुणाचा शाळेतला मित्र, मागच्या वर्षी आपल्याकडून कापूस घेऊन गेलेला. ओट्यावर बसतो, पाणी मागतो आणि हळूच थैली काढतो. "तण मरस, कपाशी ऱ्हास." तुम्ही बिल विचारलं की हसतो. "बिल कसाले जोयजे भाऊ, आपला घरनाच माल शे."

हा संदेश त्या थैलीबद्दल आहे.

तो आताच का येतो, ते आधी बघू. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून कृषी विभाग गेल्या काही हंगामांत मे महिन्याच्या मध्यापर्यंत दुकानदारांना कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला विकू देत नाही आणि १ जूनच्या आधी लागवड करू नका असं सांगतो. कारण योग्य आहे. कपाशी जितकी लवकर लावाल तितकी लवकर पात्या-फुलं लागतात आणि जमिनीतल्या कोषातून निघालेल्या पतंगांना आयतं खाणं मिळतं. पण ज्याच्या विहिरीचं पाणी मेमध्ये आहे आणि पुढे टिकेल की नाही माहीत नाही, त्याला थांबवत नाही. दुकानं बंद, मन घाईला आलेलं. सगळा बिनबिलाचा धंदा या पंधरा-वीस दिवसांच्या फटीत चालतो. आपल्याकडे गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही हद्दी जवळ आहेत, त्यामुळे माल यायला वेळ लागत नाही.

आता थैलीत काय असतं ते बघू. इथे थोडं खोलात जावं लागेल.

तणनाशक मारलं तरी मरत नाही अशी म्हणून जी कपाशी विकली जाते तिला आपण एचटीबीटी म्हणतो. आपल्या देशात तिला आजपर्यंत लागवडीची मंजुरी नाही. अशाच गुणाच्या बियाण्यासाठी एका मोठ्या कंपनीने केलेला मंजुरीचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे हे बियाणं कायद्याने कुणीच बनवत नाही आणि कुणीच तपासत नाही. थैलीवर छापलेलं नाव, पत्ता, लॉट नंबर, उगवणीचा टक्का, सगळं छापखान्यातलं. ज्या कंपनीचं नाव आहे ती कंपनी असेलच असं नाही. असलीच, तर तिला आपलं नाव त्या थैलीवर आहे हे ठाऊक असेलच असंही नाही.

बरं, बियाणं तयार कसं होतं? जगातली पहिली संकरित कपाशी, एच-४, आपल्याच रेल्वे मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सुरतच्या संशोधन केंद्रात १९७० मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी दिली. तेव्हापासून आजपर्यंत संकरित बियाण्याची पद्धत तीच आहे. मादी ओळीतल्या प्रत्येक कळीचे पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग त्यावर लावायचे. एकेक फूल, एकेक बोंड. मजुरी प्रचंड लागते, म्हणून खरं बियाणं महाग पडतं. ज्याला बिलाशिवाय, नावाशिवाय विकायचं आहे तो एवढी मेहनत का करेल? त्याच्याकडे सोपा रस्ता आहे. जिनिंगमधून सरकी घ्यायची, तेजाबाने तिची लव काढायची, लाल नाहीतर हिरवा रंग चढवायचा आणि थैलीत भरायची. दिसायला तंतोतंत बियाणं. उगवतंसुद्धा चांगलं! म्हणून तर माणूस फसतो.

उगवलं तर बिघडलं कुठे, असं विचाराल. बिघाड पुढच्या पिढीत असतो. बीटी-२ कपाशीत अळीला मारणारी दोन जनुकं असतात. आपण दुकानातून घेतो त्या संकरित बियाण्यात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, एका बाजूने आलेली. ते बियाणं लावलं की शेतातल्या बीटीच्या सगळ्या झाडांत दोन्ही जनुकं असतात. पण त्या झाडांच्या बोंडातली सरकी घेऊन लावली, तर जनुकं वाटली जातात. सोळा झाडं धरा. त्यातल्या नऊ झाडांत दोन्ही जनुकं येतील, सहा झाडांत एकच येईल आणि एका झाडात एकही नसेल. तणनाशक सहन करण्याचं जनुक असलंच तर त्याचंही तसंच, दर चार झाडांपैकी एकात ते नसणार. त्यात जिनिंगमध्ये पन्नास शेतांचा कापूस एकत्र पडतो. कुणाचा साधा, कुणाचा बीटी, कुणाचा चोरून लावलेला. सरकीत तीच खिचडी. शिवाय संकराचा जोर पुढच्या पिढीत उतरतो. एक झाड कमरेएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं, एकाला बोंडं आधी, दुसऱ्याला नंतर.

अर्धवट बीटीचा आणखी एक तोटा आहे. एकच जनुक असलेल्या झाडावर अळी मरत नाही, थोडी अडखळते आणि सवय करून घेते. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली याचं एक कारण म्हणून शास्त्रज्ञ हीच गोष्ट सांगतात. २०१७ चा हंगाम आठवा. डोमकळ्या, किडकी बोंडं, फरदड उपटून फेकणारे लोक. ती अळी काही बांध बघून थांबली नव्हती.

आता घरची गोष्ट सांगतो, नावं घेत नाही.

माझ्या काकांनी काही वर्षांपूर्वी सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत ओळखीच्या माणसाकडून सहा थैल्या घेतल्या. तीन एकरासाठी. दुकानातल्या दरापेक्षा थैलीमागे बरेच जास्त पैसे दिले, कारण निंदणीचे पैसे वाचणार होते. गणित चुकीचं नव्हतं. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सकाळी दहाला येतात, आणि पाऊस लागून राहिला की आठ दिवसांत तण कपाशीच्या डोक्यावर जातं. ही अडचण खरी आहे. कुणाला ती खोटी वाटत असेल तर त्याने श्रावणात एक दिवस निंदायला यावं.

कपाशी छान उगवली. पंचविसाव्या दिवशी काकांनी सांगितलेलं तणनाशक मारलं. पहिले चार दिवस काही नाही. आठव्या दिवशी शेंडे पिवळे पडू लागले. बाराव्या दिवशी तिसरा हिस्सा झाडं वाळलेली, आणि ओळीत नाही, विखुरलेली, इथे एक तिथे दोन. पंप नीट धुतला नसेल, मात्रा जास्त झाली असेल, असं काका स्वतःलाच समजावत राहिले. नांगे भरले. भरलेली झाडं मागे राहिली. ऑक्टोबरात डोमकळ्या दिसल्या. त्या वर्षी शेजारच्या बांधाला तूर होती, तिच्या चार ओळी वाऱ्यावर गेलेल्या फवाऱ्याने करपल्या. त्या चार ओळींवरून दोन घरांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं.

काका त्या माणसाकडे गेले. फोन बंद. पुढच्या वर्षी यात्रेत समोरासमोर भेटला. म्हणाला, "काका, वरून जसा माल आला तसा मी दिला, मलाही त्यात दहा रुपये सुटले नाहीत." खोटंही नसेल. त्यालाही वरच्याचं नाव नीट माहीत नव्हतं. काका कृषी कार्यालयात गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: बिल? मग दुसरा: थैली? थैल्या चुलीत गेल्या होत्या. त्यांनी हात जोडले. पंचनामा केला असता, पण कुणाविरुद्ध?

काकांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मलाही दोन वर्षांनी कळली, तीही तुरीच्या भांडणावरून. मला वाटतं हा धंदा थैलीवर कमी चालतो आणि आपल्या या गप्प बसण्यावर जास्त. फसलो हे सांगायची लाज, त्यात विकणारा सोयरा. म्हणून तोच माणूस पुढच्या वर्षी शेजारच्या गावात ओट्यावर बसून पाणी मागतो.

काही सभासद म्हणतील, अहो, गुजरातमध्ये २००१ मध्ये मंजुरी नसलेलं बीटी बियाणं शेतात सापडलंच होतं, आणि मार्च २००२ मध्ये सरकारने बीटी कपाशीला मंजुरी दिली. म्हणजे शेतकरी पुढे होता, सरकार मागे. हे खरं आहे. अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या लोकांनी उघडपणे, जाहीर करून एचटीबीटी लावलं. गुन्हे दाखल झाले. तंत्रज्ञान निवडायचा हक्क शेतकऱ्याला हवा, ही त्यांची मागणी आहे. त्या मागणीवर आपल्या सभासदांत दोन मतं आहेत, असू द्यात. पण उघडपणे लावून गुन्हा अंगावर घेणं वेगळं आणि डिकीतून रात्री थैली विकणं वेगळं. डिकीवाला तुम्हाला तंत्रज्ञान विकत नाही. तो रंगवलेली सरकी विकतो आणि तुमच्या निंदणीच्या अडचणीचे पैसे घेतो. उद्या एचटीबीटीला मंजुरी मिळाली तरी त्याच्या थैलीत काय आहे ते कुणी तपासलेलं नसणारच.

तणनाशकाबद्दल एवढंच. ज्या ग्लायफोसेटच्या भरवशावर ही थैली विकली जाते, ते उभ्या कपाशीत मारायला मंजूर नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावं असा आदेश काढला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ती विषबाधा मुख्यतः कीटकनाशकांची होती. पण हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याची दिशा, या गोष्टी तणनाशकालाही लागू आहेत. सालदाराच्या हाती पंप देताना तेवढं बघा.

आता पैशाकडे येऊ. २०२५ च्या खरिपात ४७५ ग्रॅमच्या बीटी-२ पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. यंदाची किंमत पाकिटावर बघून घ्या. एकरी दोन पाकिटं धरली तर बियाण्याचा खर्च अठराशेच्या आसपास. समजा एकरी आठ क्विंटल कापूस आला. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल धरला तर ६४,८८० रुपये झाले. बियाणं खोटं निघालं तर तुमचे अठराशे गेले नाहीत. हे पासष्ट हजार गेले, आणि सोबत ठिबक, खत, नांगरट आणि पाच महिने. बियाण्यात चार पैसे कमी-जास्त करताना हा आकडा शेजारी लिहून ठेवा.

आता दुकानाबद्दल. दुकानातही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. एखाद्या वाणाची हवा झाली की तो "संपला" असं सांगतात आणि मग मागच्या दाराने दीडपट दराने देतात. नाहीतर लिंकिंग करतात, म्हणजे हे पाकीट पाहिजे तर हे सूक्ष्म अन्नद्रव्याचं डबडंही घ्या. दोन्ही बेकायदेशीर आहे. पण हे चालतं याला आपणही थोडे जबाबदार आहोत. गावातल्या एकाला एका वाणाचा उतारा पडला की पुढच्या वर्षी साऱ्या गावाला तोच हवा. त्याची जमीन काळी कसदार, तुमची मुरमाड, पाणी वेगळं, पण वाण तोच हवा! मंजूर वाण बरेच आहेत. आपल्या जमिनीला आणि पाण्याला चालणारे दोन-तीन ठरवून ठेवा, म्हणजे एकासाठी कुणाच्या पाया पडावं लागणार नाही.

बिलाचंही नीट समजून घ्या. दुकानात "एस्टिमेट" लिहिलेली चिठ्ठी मिळते, तिला बिल म्हणत नाहीत. वहीच्या पानावरचा हिशेबही बिल नाही. पक्क्या बिलावर दुकानाचं नाव आणि बियाणे विक्री परवान्याचा क्रमांक, तुमचं नाव, पीक आणि वाण, कंपनी, लॉट नंबर, पाकिटांची संख्या, दर आणि दुकानदाराची सही पाहिजे. लॉट नंबर सगळ्यात महत्त्वाचा. बिलावरचा आणि पाकिटावरचा लॉट नंबर तिथेच, काउंटरवर उभं राहून ताडून बघा. दुकानदार घाई करेल, गर्दी असेल, तरी बघा. उधारीवर घेतलं असेल तरी बिल मागा. उधारी आहे म्हणून हक्क कमी होत नाही.

पाकिटावर कंपनीचा पूर्ण पत्ता, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, वैधता संपण्याची तारीख आणि कमाल किंमत असते. संकरित कपाशीची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. बीटी कपाशीच्या पाकिटावर फिकट हिरव्या रंगाचं सत्यदर्शक लेबल असतं. क्यूआर कोड असेल तर मोबाईलने स्कॅन करून त्यात दिसणारा लॉट नंबर आणि पाकिटावरचा लॉट नंबर एकच आहे का ते बघा. कोडसुद्धा नक्कल करून छापता येतो, म्हणून नुसता स्कॅन झाला यावर समाधान मानू नका.

पाकीट कापताना वरून कापा, लेबल असलेली बाजू तशीच ठेवा. प्रत्येक लॉटचं एक रिकामं पाकीट, त्यात मूठभर बियाणं आणि बिल, हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात उंदीर लागणार नाही तिथे ठेवा. बिलाचा आणि पाकिटाचा फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा. बिलाची शाई दिवाळीपर्यंत उडते, फोटो राहतो.

पेरणीआधी घरी उगवण तपासा. शंभर बिया मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर पंचवीस-पंचवीसच्या चार भागांत ओळीत मांडा, गोणपाटाची गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल राहू द्या पण पाणी साचू देऊ नका. सात-आठ दिवसांनी उघडून सरळ, धडधाकट कोंब मोजा. वाकडे, कुजलेले धरू नका. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, म्हणून हात धुवा आणि पोरांना दूर ठेवा. पंचाहत्तरच्या खाली आलं तर बियाणं रानात टाकू नका, दुकानात परत न्या. एक लक्षात ठेवा, या चाचणीत फक्त उगवण कळते. ते बीटी आहे का, वाण तोच आहे का, हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. बियाणे तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणीला आहेत.

बिल असूनही बियाणं खोटं निघालं तर काय करायचं, यावर बरेच फोन येतात. उगवण झाली नाही किंवा झाडं भेसळ दिसली तर त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. सोबत बिलाची आणि पाकिटाची झेरॉक्स जोडा. मूळ कागद देऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर नसतं. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीचे लोक शेतात येऊन पाहणी करतात आणि पंचनामा लिहितात. पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका. हे सांगायला सोपं, करायला अवघड आहे, माहीत आहे. पाऊस चालू आहे, दुबार पेरणीची वेळ निघून चाललीय आणि कुणी म्हणतंय थांबा. पूर्ण रान थांबवणं जमत नसेल तर पाहणीसाठी चार-सहा ओळी राखता येतील का ते अर्ज देतानाच विचारून घ्या. पंचनामा लिहिताना स्वतः हजर राहा, वाचा, मगच सही करा. त्याची प्रत मागून घ्या.

समितीचा अहवाल तुमच्या बाजूने आला आणि कंपनी भरपाई देत नसेल, तर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. शेतकरी ग्राहक नाही, त्याने बियाणं कायद्याखाली दाद मागावी, असं कंपन्या पूर्वी म्हणत. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या आंध्रच्या शेतकऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ ला तो वाद मिटवला. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि ग्राहक न्यायालयात येऊ शकतो. त्याच निकालात आणखी एक कामाची गोष्ट आहे. तपासणीसाठी नमुना का ठेवला नाही, असं कंपनीने विचारलं होतं. न्यायालय म्हणालं की शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो, नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. तरी आम्ही मूठभर ठेवा म्हणतो, कारण असलेलं बरं.

आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मालाची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. इथे बियाण्याला दिलेली किंमत धरतात, तुम्ही मागितलेली भरपाई नाही. म्हणून आपल्यापैकी कुणालाच फी लागू नये. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही करता येते. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि शेतीविषयक प्रश्नांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर. या सगळ्याला वेळ लागतो, चकरा होतात, हे लपवून ठेवत नाही. पण हा रस्ता सुरू होतो बिलापासून. बिलाशिवाय तुम्ही ते बियाणं घेतलं होतं हेच सिद्ध होत नाही.

मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींचंही असंच. "घरपोच बियाणं, आधी पैसे", एखाद्या डोलणाऱ्या कपाशीचा व्हिडिओ आणि खाली कुणाचा तरी वैयक्तिक नंबर. ती कपाशी कुठली, कुणाची, काही सांगता येत नाही. पैसे गेल्यावर तो नंबर तुम्हाला ब्लॉक करतो. आपल्या कंपनीच्या नावाने असा संदेश आला तर तो आपला नाही. आपण बियाण्याचे पैसे कुणाच्याही वैयक्तिक नंबरवर मागत नाही, दुकानात बिल झाल्यावरच घेतो.

आणि हो, आपल्या कंपनीचंही कृषी केंद्र आहे, तेव्हा हा संदेश माल खपवायला लिहिला असं कुणाला वाटेल. वाटू द्या. बियाणं आपल्याकडून घ्या, बाजारातल्या दुसऱ्या परवानाधारक दुकानातून घ्या, चोपड्याहून नाहीतर धुळ्याहून आणा. आमचा आग्रह पक्क्या बिलापुरता आहे. आमच्या काउंटरवर पक्कं बिल मिळालं नाही तर त्याचीही तक्रार करा, संचालक मंडळापुढे ठेवू.

ज्यांनी याआधीच थैली घेऊन ठेवली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. रागावणार नाही, कुणाला नाव सांगणार नाही. पैसे देऊन झाले असतील तर विकणाऱ्याला फोन करून परत घ्यायला सांगा. दुकानं उघडायच्या आत सांगितलं तर त्याच्यावर दबाव असतो, नंतर नसतो. तो परत घेत नसेल तर निदान ती सगळ्या रानात लावू नका, आणि तिच्या भरवशावर उभ्या कपाशीत तणनाशक तर अजिबात मारू नका. शेजाऱ्याला विकून मोकळं होऊ नका. थैलीचा फोटो, विकणाऱ्याने काय सांगितलं आणि किती पैसे घेतले एवढं लिहून कार्यालयात आणून द्या. किती गावांत कोणत्या नावाच्या थैल्या फिरताहेत याची यादी आम्ही करतोय, ती तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे देणार आहोत. यादीत थैलीचं नाव असेल, घेणाऱ्याचं नसेल.

उगवण चाचणी जमत नसेल त्यांनी शंभर बिया कागदाच्या पुडीत बांधून, वर नाव, गाव आणि लॉट नंबर लिहून कार्यालयात द्याव्यात. गोणपाट आमचं, मोजणी तुमच्यासमोर. ज्या घरात वाचणारं कुणी नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर उद्या संध्याकाळी आवाजी संदेशातून येईल, अहिराणीत.